बुरुलची पीएच.डी. आणि दोन घोट चहा

बाकीच्या बायकांना चाळिशी जवळ आली की गुडघेदुखी लागते, आमच्या बुरुलला पीएच.डी. लागली.

बुरुल माझी धाकटी जाऊ. कोच्कोरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. म्हणजे सकाळी गावाचं बीपी मोजायचं, दुपारी गावाची रडगाणी ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन गाईचं दूध काढायचं. गाईपुढे काही डॉक्टरकी चालत नाही, ती लाथ मारायची तेव्हा मारतेच. धाकटी सून म्हणून ती सासूजवळ राहते. मी थोरली, माझं घर कुंपणापलीकडे. कुंपणाची एक फळी मी कधीचीच काढून ठेवलीय. कुणी विचारलं तर वाऱ्यानं पडली म्हणायचं. तिथून मी दिवसातून चारदा ये-जा करते आणि त्यामुळे त्या घरातली बातमी माझ्याआधी कुणालाच कळत नाही.

तर त्या दिवशी बुरुल गोठ्यात होती आणि फोन वाजला. ती एकदम उभी राहिली, स्टूल उलटं, बादली आडवी, दूध सगळं शेणात. एवढं दूध सांडूनही ही बया हसतेय, म्हटल्यावर मी ओळखलं, काहीतरी मोठं आहे. "एजे, मिळाली! माझी निवड झाली!" एवढंच ती म्हणाली. एजे म्हणजे ताई, मला ती तेच म्हणते. काय मिळालं, कुठे मिळालं, ते विचारत बसायला मी काय खुळी आहे? मी फळीतून घुसले ती थेट सासूबाईंच्या खोलीत.

"सुयुंचू, आपा, सुयुंचू!"

आनंदाची बातमी जो पहिला आणतो त्याला काहीतरी द्यावंच लागतं, त्यातून खुद्द सासूचीही सुटका नाही. आपांनी खांद्यावरची पांढरी लोकरीची शाल काढली आणि माझ्या हातात दिली. नवीकोरी होती. मग विचारलं, "काय झालं गं? दिवस गेले का बुरुलला?"

"नाही हो आपा. पीएच.डी. झाली."

"म्हणजे काय झालं?"

तेवढ्यात बुरुल आली आणि तिनं सगळं सांगितलं. राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात माणसांच्या तब्येतीवर संशोधन करायचं. तीन वर्षं. फी नाही, उलट दर महिन्याला तेच पैसे देणार.

आपांचे डोळे बारीक झाले. "शिकायचं तू आणि पैसे देणार ते? कोण आहेत हे लोक?"

"विद्यापीठच आहे आपा, आणि परदेशातलं दुसरं एक."

"अगं, किडनी तर नाही ना मागत?"

मी शाल घडी करून कोटाच्या आत घातली. तपासाला लागल्या तर परत मागतील, नेम नाही. पण आपांना खरं म्हणजे आनंद झाला होता. त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला शिकायला पैसे मिळाले नव्हते, दिलेच होते सगळ्यांनी, काही सरळ हातानं, काही टेबलाखालून.

आता त्यात एक मेख होती. बुरुल ती सांगत होती, पण ऐकतंय कोण? निवड झाली ती तात्पुरती. हिवाळ्यात आपल्या भागात छोटी पाहणी करायची, वसंतात समितीपुढे ती मांडायची. समितीला पटलं तर जागा पक्की. नाही पटलं तर मागच्या नंबरावर एक पंचवीस वर्षांचा पोरगा तयारच होता. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणायचीही सोय नव्हती, कारण ही शिष्यवृत्ती चाळिशीच्या आतल्यांनाच आणि बुरुलची चाळिशी दाराशी येऊन उभी.

आपांनी यातलं अक्षरही कानावर घेतलं नाही. त्यांनी मेंढी कापली. सगळी आळी जेवायला बोलावली. शारशेन आजोबांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला, बायकांनी बुरुलच्या खांद्यावर मखमली चापान, मानाचा लांब अंगरखा, चढवला आणि ती मेली लाजून लालबुंद होऊन सगळ्यांना चहा ओतत होती. किटली घेऊन माझ्याजवळून जाताना पुटपुटली, "एजे, मेंढी खाऊन झाली आणि जागा गेली, तर हो?"

"तर तू गाव सोडायचंस आणि मी शाल परत करायची. बघ बाई, माझंही नुकसान आहे त्यात."

गंमत करते मी, ती माझी खोड आहे. पण ही बाई एवढी का जिवावर उदार झाली होती ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी आपांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात गेल्यातच जमा. डॉक्टर सून घरात, बीपीचं यंत्र घरात, आणि आपांचं बीपी कधी मोजलंच नव्हतं. आपा म्हणायच्या, मला काय धाड भरलीय, आणि बुरुल सासूपुढे काय बोलणार? तेव्हापासून तिनं एकच धोसरा धरला होता. आमच्या गावात एवढे झटके का येतात? तिचा संशय आमच्या चहावर होता. दूध, साय आणि मीठ घालून उकळलेला आमचा चहा. मिठाची खाण पाच कोसांवर, त्यामुळे मीठ घालताना इथे कुणाचा हात आखडत नाही. जो जास्त चहा पितो त्याचं बीपी जास्त, एवढं तिला दाखवायचं होतं. झालं, एवढीच ती पाहणी.

मी तिच्याबरोबर घरोघरी गेले. ती म्हणायची, एजे मला मदतीला येतात. मी जात होते ते बोर्सोक, कणकेचे तळलेले गोळे, खायला. कुठल्याही घरात गेलं की पावाचा तुकडा मोडून तोंडात घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि पाव आला की लोणी येतं, लोणी आलं की जॅम, मग गरमागरम बोर्सोक आणि चहा तर असतोच. बुरुल बिचारी यंत्र घेऊन बसायची, "आधी बीपी मोजू या का?" आणि घरची म्हातारी म्हणायची, "मोज की, पळून जातंय का ते? आधी खा." तिच्या संशोधनानं माझं वजन वाढलं, दुसरं काही त्या हिवाळ्यात वाढलं नाही.

शारशेन आजोबा भिंतीशी, दाराच्या समोरच्या मानाच्या जागेवर, उशांना टेकून बसलेले.

"आजोबा, दिवसाला किती प्याल्या चहा होतो?"

"वीस," आजोबा छाती काढून म्हणाले. "पाहुणा आला तर पंचवीस. तरुणपणी विचारायला पाहिजे होतंस."

त्यांचं बीपी मोजलं तर एखाद्या घोडेस्वार पोराचं असावं तसं. बुरुलनं दोनदा मोजलं. मग तिनं त्यांच्या सुनेला हाक मारली. आयचुरेक तिचं नाव, तिशीतली, सडपातळ, किटली घेऊन दारापाशी बसलेली.

"तू किती पितेस गं?"

"मी कुठे पिते हो? तीन, फार तर चार."

आणि तिचं बीपी बघून बुरुलच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. बुरुल कामाची मात्र पक्की. तिनं बाजारातून एक प्याली आणली, तीच निळी-पांढरी, बिनकानाची, सगळ्यांच्या घरी असते ती. काठोकाठ भरली, मापून बघितली, आणि जेवढ्या प्याल्या तेवढ्यांनी गुणलं. मी बाजूलाच बसले होते. मला त्यात काही खोट दिसली नाही, तिलाही दिसली नाही. आळीतल्या कुणालाही दाखवलं असतं तरी दिसली नसती.

हिवाळ्याच्या अखेरीला ती सगळे आकडे घेऊन बिश्केकला गेली. संध्याकाळच्या मिनीबसनं परत आली, ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली. कोटसुद्धा काढला नाही. मी अर्थातच फळीतून हजर.

"काय गं? काय म्हणाल्या तुझ्या गाईडबाई?"

ल्युदमिला पेत्रोव्ना म्हणून तिच्या गाईड. पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला, फोनवर बोलल्या तरी आपण उठून उभं राहावं असा आवाज.

"हसल्या," बुरुल म्हणाली. "माझ्या आकड्यांप्रमाणे जो जास्त चहा पितो त्याचं बीपी कमी."

"मग बरंच की! शोध लागला!"

"त्याही तेच म्हणाल्या. म्हणाल्या, मग मी उद्यापासून रोग्यांना मिठाचा चहाच लिहून देते, गोळ्या बंद. आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, बुरुल, कुठेतरी काहीतरी चुकलंय आणि ते तुलाच शोधायला लागेल. हे घेऊन समितीपुढे उभी राहिलीस तर जागा त्या मुलाची." तिनं पिशवीतले कागद खाली टाकले. "मला नाही सापडत, एजे. सगळं तीनदा तपासलं. मी कळवून टाकते, मला नको म्हणून. निदान हसं तरी होणार नाही."

आणि ती रडायला लागली. दवाखान्यात कुणाचं काहीही झालं तरी जिच्या डोळ्याला पाणी येत नाही ती, कोटाच्या बाहीनं नाक पुसत. थट्टा करायची सवय लागली की असल्या वेळी तोंडाचं काय करावं कळत नाही.

मागे काठीचा आवाज आला. आपा दारात उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता मेंढीचा विषय निघणार.

"ऊठ," आपा म्हणाल्या. "आत चल. वर बस."

"कुठे?"

"वर. भिंतीपाशी."

मानाच्या जागेवर. सून तिथे बसत नाही. सून बसते दाराशी, किटलीजवळ. बुरुल माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. आपांनी तिला उशांना टेकून बसवलं आणि स्वतः किटलीशी बसल्या. उजव्या हातानं किटली उचलली, डाव्या लुळ्या हातानं नुसता आधार दिल्यासारखं केलं, आणि प्यालीच्या तळाशी दोन घोट चहा ओतला. "घे."

बुरुल प्यायली, तिनं प्याली परत दिली. आपांनी पुन्हा दोन घोट ओतले. परत दिली, पुन्हा ओतले. मला राहवेना.

"आपा, तिला भरून द्या की एकदा. दिवसभर प्रवास करून आलीय, तहानलेली आहे."

आपा माझ्यावर डाफरल्या. "भरून? मला काय तिला हाकलायचंय का? एवढी वर्षं या घरात काढलीस, भरली प्याली कुणाला देतात तेही विसरलीस?"

कसं विसरेन? भरली प्याली म्हणजे टोपी घाला आणि निघा. ज्याला ठेवून घ्यायचं त्याला दोन घोटच ओतायचे, म्हणजे तो पुन्हा पुन्हा प्याली पुढे करतो आणि आपण पुन्हा पुन्हा त्याची सेवा करतो. मान जितका मोठा तितका चहा थोडा. हे शिकवावं लागत नाही, हातालाच माहीत असतं.

बुरुलची प्याली हवेत तशीच थांबली.

"आपा, ही कितवी?"

"प्याल्या कोण मोजतं?"

"एजे, कितवी?"

"असेल आठवी, नववी. का गं?"

"आणि माझी तहान गेलेली नाही."

ती ताडकन उठली. चुलीमागे आमचा एक जुना वाडगा असतो, टवका उडालेला. सगळ्यांचं चहापाणी आटोपलं, मंडळी उठली, की आम्ही दोघी त्यात चहा घेतो. उभ्याउभ्या, चुलीला टेकून, काठोकाठ. किटलीत जो उरला असेल तो, सकाळपासून उकळून उकळून आटलेला, आणखीच खारट झालेला. बुरुलनं तो वाडगा आणला. आपांनी ओतले होते तसे पाण्याचे दोन-दोन घोट प्यालीतून त्यात टाकत गेली. नऊ प्याल्या टाकल्या तरी वाडगा भरला नाही.

ती मटकन खाली बसली. रडतेय की हसतेय ते कळेना. "शारशेन आजोबांच्या वीस प्याल्या, एजे! वीस प्याल्या म्हणजे आपले दोन वाडगे! आणि आयचुरेक चार म्हणते ते चार भरलेले वाडगे! मी चहा मोजतच नव्हते. कुणाला किती मान आहे ते मोजून बिश्केकला नेलं मी!"

"एवढी वर्षं चहा ओततेयस," मी म्हटलं, "डॉक्टर आहेस, आणि हे आज कळलं?"

"आणि तुम्ही माझ्याआधीपासून ओतताय!"

"मी पीएच.डी. करत नाहीये, बाई."

आपांना यातलं काय कळलं देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "बसलेली उठलीस कशाला? चहा निवतोय."

मग पुन्हा घरोघरी. या वेळी बुरुल बैठकीत थांबायचीच नाही, सरळ चुलीशी. सुनेच्या हातात पाण्याची किटली द्यायची आणि म्हणायची, "सासऱ्यांना ओततेस तसं ओत. आता स्वतःला घेतेस तसं." आणि मापाच्या भांड्यात बघायची. शारशेन आजोबांना भयंकर राग आला. त्यांनी बाजारात ज्याला त्याला थांबवून सांगितलं, "डॉक्टरीणबाईंनी माझ्या वीस प्याल्यांचे दोन वाडगे केले! आम्ही काय खोटं बोलतो?" पण आकडे सरळ झाले ते झालेच. आमच्या आळीत सगळ्यात जास्त मीठ कुणाच्या पोटात जात असेल तर ते सुनांच्या. बसून पिणाऱ्यांच्या नाही, ओतणाऱ्यांच्या.

शेवटच्या घराहून परतताना मी म्हटलं, "झालं ना सगळं? सुटलीस."

"एक राहिलंय. तुमचा हात द्या."

"मला काय धाड भरलीय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. हेच कुणीतरी आधी म्हणालं होतं. हात दिला. पट्टा आवळला, सुटला. बुरुलनं दुसऱ्या हातावर मोजलं. पुन्हा पहिल्यावर.

"किती गं?"

"आजपासून गोळी घ्यायची, एजे. रोज. विसरायचं नाही."

"तुझ्या पीएच.डी.त माझं नाव घालशील ना?" मी म्हटलं. ती हसली नाही. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? घरी जाऊन उगाचच डावा हात चारदा वर-खाली करून बघितला.

समितीला जायच्या आदल्या दिवशी बुरुल आपांपुढे येऊन उभी राहिली, मान खाली घालून. "आपा, तिथे सगळं सांगायला लागेल. सुना चुलीपाशी उभ्यानं उरलेला चहा पितात, हे. आपल्या घरापासून. लोक बोलतील, या घरात सुनांना बसून चहासुद्धा मिळत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी आपलं घर वगळते. पण मग त्यांनी विचारलं, हे तुला कळलं कसं, तर मी काय सांगू..."

आपांची अब्रू म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. दाराबाहेर बर्फावर राख सांडली तरी त्यांना लोक काय म्हणतील असं होतं. त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला.

"मी या घरात आले तेव्हा सासू होती, आजेसासू होती, सहा दीर होते," त्या म्हणाल्या. "त्याच चुलीपाशी उभी राहिले. त्याच वाडग्यातून. बसून चहा प्यायले ती हा हात गेल्यावर." मग बुरुलवर खेकसल्या, "बघत काय राहिलीस? पहिलं घर माझं लिही."

बुरुल गेली. तो सबंध दिवस मी काही कामाची नव्हते. गोठ्यात गेले, पण बादली कुठे ठेवली आठवेना. शाल पेटीतून काढली, पुन्हा ठेवली. द्यायची वेळ आलीच तर निदान धुतलेली असावी म्हणून पुन्हा काढली. दुपार कलली आणि कुंपणापाशी काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बघते तर आपा. माझ्या फळीच्या खिंडीत अडकलेल्या, काठी अलीकडे, अर्ध्या पलीकडे, डोक्यावरचा रुमाल खिळ्याला लोंबतोय. आणि त्या अवस्थेत ओरडतायत, "सुयुंचू! अगं ए, सुयुंचू! पोरीची जागा पक्की झाली! तिनं मला फोन केला, मला पहिल्यांदा!"

मी त्यांना ओढून काढलं. दोघी हसून हसून गुदमरलो. मला रडू कधी यायला लागलं ते कळलंच नाही. बातमी आणली म्हणजे द्यायला तर हवं. मी आत पळाले आणि माझ्याकडची एकुलती एक चांगली वस्तू घेऊन आले.

"ही माझीच शाल आहे," आपा म्हणाल्या.

"मग दुसरं काय देऊ? माझ्याकडे आहे काय?"

"बस."

"काय?"

"वर जाऊन बस. मला सुयुंचूत तेवढंच पाहिजे."

माझ्याच घरात, भिंतीपाशी, उशांना टेकून मी बसले. पाठ कुठे टेकवायची तेही कळेना. आपा माझ्या किटलीशी बसल्या, उजव्या हातानं ती उचलली आणि प्यालीच्या तळाशी दोन घोट ओतले. मी तोंडाला लावली.

"आपा, यात मीठ नाही."

"डॉक्टरीणबाईंनी बंद केलंय. तुझं आणि माझं."

मेला कसला तो अळणी चहा. जनावरंसुद्धा तोंड लावणार नाहीत. मी प्याली रिकामी केली आणि पुन्हा त्यांच्यापुढे धरली.